प्राचीन ग्रीकांवर लिहिताय? मग या चुका टाळा

प्राचीन ग्रीक समाजावरच्या मराठी मजकुरातल्या चुका ठरलेल्या असतात. निबंध असो, स्पर्धा परीक्षेची टिपणं असोत, दिवाळी अंकातला लेख असो की यूट्यूबवरचा व्हिडिओ, त्याच चुका एकाकडून दुसऱ्याकडे जशाच्या तशा जातात. लिहिणारा आधीच्या लेखावरून लिहितो आणि आधीच्यानेही तेच केलेलं असतं. याचं वाईट वाटतं, कारण हेरोडोटस, थ्युसिडिडीज, झेनोफन, ॲरिस्टॉटल, प्लुटार्क या सगळ्या प्राचीन ग्रीक लेखकांची जुनी इंग्रजी भाषांतरं आज इंटरनेटवर फुकट मिळतात. एखादं विधान तपासायला फार तर अर्धा तास लागतो. पण नवख्याला लेख आजच्या आज हवा असतो.

ग्रीकांबद्दलच्या कुठल्याही वाक्याला तीन प्रश्न विचारा. कोणतं शहर? कोणतं शतक? आणि हे आपल्याला सांगतंय कोण? खालच्या बहुतेक चुका यातला एखादा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

‘ग्रीक लोक असं करत’

प्राचीन काळी ग्रीस नावाचं एक राज्य नव्हतंच. हजाराच्या आसपास नगरराज्यं होती, स्पेनच्या किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत विखुरलेली. प्रत्येकाचे कायदे वेगळे, महिन्यांची नावं वेगळी, वर्ष सुरू होण्याचा दिवस वेगळा. अथेन्सचा द्राख्मा, म्हणजे तिथलं नाणं, साधारण ४.३ ग्रॅम चांदीचा होता, तर जवळच्याच एजिना बेटाचा सहा ग्रॅमच्या घरातला. त्यामुळे ‘मजुरी एक द्राख्मा’ एवढंच लिहिलं तर वाचकाला काहीच कळत नाही.

बायकांचंच बघा. अथेन्समध्ये भाऊ असेल तर मुलीला बापाच्या इस्टेटीत वाटा नसे, हुंडा मिळे तेवढाच. त्याच काळात, इ.स.पू. पाचव्या शतकात, क्रीट बेटावरच्या गॉर्टिनमध्ये दगडी भिंतीवर कोरलेला कायदा मुलीला मुलाच्या निम्मा वाटा देतो आणि घटस्फोट झाला तर बायकोची मालमत्ता तिची तिला परत करायला लावतो. मग ‘ग्रीक स्त्रीला वारसाहक्क नव्हता’ हे वाक्य खरं की खोटं? शहराचं नाव घातल्याशिवाय सांगताच येत नाही.

आपल्याला अथेन्सचं जास्त ठाऊक आहे, कारण अथेन्सचं लिखाण जास्त टिकलं. ॲरिस्टॉटलच्या शाळेने १५८ राज्यघटनांची माहिती गोळा केली होती. त्यातली एकच, अथेन्सची, बहुतांश हाती लागली, तीही इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसवर, शेतीच्या हिशेबाच्या मागच्या बाजूला लिहिलेली. १८९१ मध्ये ती छापून आली. बाकीच्यांचे तुकडेच उरलेत.

लेख लिहून झाला की ‘ग्रीक’ हा शब्द एकेक करून शोधा आणि जमेल तिथे शहर आणि शतक घाला. जिथे घालता येत नाही ते वाक्य अजून लिहायच्या लायकीचं झालेलं नाही, सरळ काढून टाका. शतकाचं भान तर हवंच हवं. मायसीनीचे राजवाडे इ.स.पू. १२०० च्या सुमारास पडले, पेरिक्लीजचं अथेन्स पाचव्या शतकातलं, अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय तिसऱ्या शतकातलं. मायसीनी आणि पेरिक्लीज यांच्यात साडेसातशे वर्षं जातात, आणि लोक दोघांना एकाच परिच्छेदात बसवतात.

सनावळीची वजाबाकी

इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मध्ये शून्य वर्ष नाही. म्हणून दोन्ही आकडे मिळवून एक वजा करायचा. मॅरेथॉनची लढाई इ.स.पू. ४९० ची, तिला अडीच हजार वर्षं २०११ मध्ये पूर्ण झाली. अथेन्सच्या मॅरेथॉन शर्यतीने तो उत्सव २०१० मध्येच साजरा केला, तेव्हा ही चूक मोठमोठ्यांकडूनही होते. दुसरं म्हणजे अथेन्सचं वर्ष उन्हाळ्याच्या मध्यावर सुरू व्हायचं, आपल्या दोन वर्षांवर पसरलेलं. म्हणून जाणकार ‘५०८/७’ असं लिहितात. ती तिरकी रेघ छपाईची चूक समजून काढू नका.

‘अथेन्समध्ये सगळे मतदान करून सरकार निवडत’

या एका वाक्यात तीन चुका आहेत आणि तिन्ही कमालीच्या चिवट आहेत, म्हणून इथे जरा थांबू.

पहिली ‘सगळे’. राजकीय हक्क फक्त प्रौढ पुरुष नागरिकांना होते. ४५१/० मध्ये पेरिक्लीजने कायदा करून घेतला, की आई आणि वडील दोघंही अथेन्सचे असतील तरच मुलगा नागरिक. परक्या गावाहून येऊन पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मेटिक कर भरत, सैन्यात लढत, पण सभेत त्यांना जागा नव्हती. चौथ्या शतकाच्या अखेरीस फालेरॉनच्या डिमेट्रियसने केलेल्या गणतीत २१,००० नागरिक आणि १०,००० मेटिक होते असं नोंदलंय. त्याच नोंदीत गुलामांचा आकडा ४,००,००० दिलाय. तो तसाच उचलू नका. एवढ्या माणसांना पोसण्याइतकं धान्य अथेन्सच्या मुलखात, म्हणजे अ‍ॅटिकात येणंच अवघड होतं, आणि आजचे बहुतेक इतिहासकार तो मानत नाहीत.

दुसरी ‘निवडत’. अथेन्सची बहुतेक पदं चिठ्ठ्या टाकून भरली जात. ५०० जणांच्या बूलेत, म्हणजे सभेपुढचे विषय तयार करणाऱ्या मंडळात, दहा जमातींतून प्रत्येकी ५० जण चिठ्ठीने येत, वय तीसच्या वर, आयुष्यात जास्तीत जास्त दोनदा. मतदान होई ते मुख्यतः दहा सेनापतींसाठी, हात वर करून. पेरिक्लीज अथेन्सचा पंतप्रधान किंवा राष्ट्राध्यक्ष नव्हता. तो त्या दहा सेनापतींपैकी एक होता आणि दरवर्षी पुन्हा निवडून यावं लागे. ४३० मध्ये त्याच सभेने त्याला पदावरून काढून दंड ठोठावला आणि पुढल्या वर्षी पुन्हा निवडलं. निवडणूक हे श्रीमंतांच्या राज्याचं लक्षण आणि चिठ्ठी हे लोकशाहीचं, असं ॲरिस्टॉटल लिहितो. आजच्या निवडणुकीची कल्पना तिथे नेऊन बसवली की त्याचं म्हणणं उलटंपालटं होतं.

ही चिठ्ठी म्हणजे डब्यात हात घालून कागद काढणं नव्हे. अथेन्सच्या अगोरा संग्रहालयात क्लेरोटेरियन नावाच्या दगडी यंत्राचा तुकडा आहे. उभ्या शिळेवर अरुंद खाचांच्या ओळी, बाजूला एक नळी. चौथ्या शतकात न्यायसभेचे ज्युरी त्यावर असे निवडले जात: ज्युरी होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाची एक पट्टी, आधी ब्राँझची, पुढे लाकडाची, तिच्यावर त्याचं नाव, बापाचं नाव, गाव आणि अल्फा ते कप्पा यातलं एक अक्षर. सकाळी तो आपल्या अक्षराच्या पेटीत पट्टी टाकी. पट्ट्या हलवून खाचांत खोवल्या जात, प्रत्येक अक्षराचा एक उभा रकाना, एका यंत्रावर पाच रकाने. मग नळीत काळे-पांढरे फासे ओतायचे, पाच ज्युरींमागे एक पांढरा. एकेक फासा सोडायचा. पांढरा आला की त्या आडव्या ओळीतले पाचही जण आत, काळा आला की पाचही घरी. आपण आज कुठल्या न्यायालयात बसणार हे आत गेलेल्यालाही आधी ठाऊक नसे, ते आणखी एका चिठ्ठीने ठरे. लाच द्यायची तर द्यायची कुणाला, हा प्रश्न पडावा म्हणून एवढा खटाटोप. दिवसाचे तीन ओबोल मिळत, म्हणजे अर्धा द्राख्मा. हे एवढं एकदा नीट समजून घेतलं की ‘अथेन्सची लोकशाही आजच्यासारखीच’ असं वाक्य पुन्हा लिहवत नाही.

तिसरी चूक ‘सरकार’. सत्तेवर आलेला पक्ष, विरोधी पक्ष, मंत्रिमंडळ यातलं काहीच तिथे नव्हतं. प्निक्स टेकडीवर जमलेली सभा हीच सत्ता.

याच्याच शेपटाला ऑस्ट्रॅसिझमची चूक लोंबकळत असते: ‘लोक उत्स्फूर्तपणे नको असलेल्या नेत्याला हाकलून देत.’ पद्धत अशी होती. वर्षातून एकदा सभेला विचारायचं, यंदा हा कार्यक्रम घ्यायचा का? हो म्हटलं तर काही आठवड्यांनी खापरीच्या तुकड्यावर नाव खरडून टाकायचं. किमान ६,००० खापऱ्या लागत. ज्याचं नाव सर्वात जास्त, तो दहा वर्षं शहराबाहेर. इस्टेट जप्त नाही, नागरिकत्व जात नाही, मुदत संपली की परत. ही शिक्षा नव्हती, कारण आरोपच नसे.

आणि उत्स्फूर्त? १९३७ मध्ये अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत सुमारे १९० खापऱ्यांचा ढीग मिळाला. सगळ्यांवर एकच नाव, थेमिस्टोक्लीज, निओक्लीजचा मुलगा. सलामिसच्या आरमारी विजयाचा शिल्पकार तो हाच. ऑस्कर ब्रोनीर या पुरातत्त्वज्ञाने अक्षरं ताडून पाहिली, तेव्हा दिसलं की ती फक्त चौदा हातांची आहेत. कुणीतरी बसून, एकसारख्या भांड्यांचे तळ घेऊन, ठळक नीटस अक्षरांत खापऱ्या आधीच लिहून ठेवल्या होत्या. वाटल्या गेल्या नाहीत म्हणून विहिरीत गेल्या. म्हणजे विरोधकांची बांधलेली फळी होती, प्रचार होता, आणि तयार मतपत्रिका हातात देणारी माणसं होती. पाठ्यपुस्तकातली एक ओळ आणि विहिरीतला हा ढीग यातलं दुसरं वाचा. अथेन्सचं राजकारण त्यात आहे.

स्पार्टा म्हणजे फक्त शूरवीर

दुसरी लाडकी चूक. ‘३००’ या चित्रपटाने ती घराघरांत नेली आणि प्रेरणादायी भाषणं देणाऱ्यांनी पक्की केली.

थर्मोपिलीपासून सुरुवात करू. इ.स.पू. ४८० मध्ये इराणी सैन्याला अडवायला त्या खिंडीत उभे राहिलेले फक्त ‘तीनशे’ नव्हते. हेरोडोटस यादीच देतो: स्पार्टाचे ३००, टेजिआचे ५००, मँटिनिआचे ५००, ऑर्कोमेनसचे १२०, उरलेल्या आर्केडियाचे १,०००, कॉरिंथचे ४००, फ्लिअसचे २००, मायसीनीचे ८०. इथवर ३,१००. त्यात थेस्पिआईचे ७००, थीब्जचे ४००, फोकिसचे १,००० आणि लोक्रिसची झाडून सगळी माणसं. शेवटच्या दिवशी बाकीचे बहुतेक मागे फिरले तेव्हाही स्पार्टावाल्यांबरोबर थेस्पिआईचे ७०० स्वखुशीने थांबले आणि मेले. लहानसं गाव ते, जवळजवळ सगळे धडधाकट पुरुष एका दिवसात गेले. त्यांचं नाव न घेता ‘तीनशे’ म्हणणं हा त्या माणसांवर अन्याय आहे. शिवाय स्पार्टाच्या सैनिकांबरोबर हेलटही होते. त्यांची तर मोजणीही कुणी केली नाही.

हेलट हा स्पार्टाचा पाया. हे मेसेनिया आणि लॅकोनियातले शेतकरी, पिढीजात दास. ते जमीन कसत, म्हणून स्पार्टाचा नागरिक दिवसभर कवायत करू शके. ४७९ मध्ये प्लॅटियाच्या लढाईत स्पार्टाचे ५,००० नागरिक आणि त्यांच्यासोबत ३५,००० हेलट होते, असं हेरोडोटस सांगतो. एकास सात. एवढी माणसं दाबून ठेवायची भीती त्या समाजाच्या रोमारोमांत होती. प्लुटार्क ॲरिस्टॉटलच्या हवाल्याने लिहितो की एफोर नावाचे अधिकारी दरवर्षी पदावर येताच हेलटांविरुद्ध युद्ध पुकारत, म्हणजे हेलटाला मारलं तर पातक लागायला नको. थ्युसिडिडीजने सांगितलेला प्रसंग तर अंगावर येतो. स्पार्टाने जाहीर केलं, की लढाईत ज्यांनी सर्वात मोठी कामगिरी केली असं वाटतं त्या हेलटांनी पुढे यावं, त्यांना मुक्त करू. सुमारे २,००० निवडले गेले. डोक्यावर हार घालून त्यांनी देवळांना फेऱ्या मारल्या. त्यानंतर ते नाहीसे झाले आणि कोण कसा मारला गेला ते कुणाला कळलं नाही. हिंमत असलेली माणसं हुडकायची ती युक्ती होती. स्पार्टाच्या शिस्तीचं कौतुक करणाऱ्या प्रत्येक लेखात हा परिच्छेद यायला हवा.

आता ‘अशक्त बाळं कड्यावरून फेकत’. हे फक्त प्लुटार्क सांगतो, आणि तो थर्मोपिलीनंतर जवळजवळ पावणेसहाशे वर्षांनी लिहीत होता. स्पार्टाच्या सैन्याबरोबर राहिलेला झेनोफन तिथल्या चालीरीतींवर स्वतंत्र पुस्तिका लिहितो, पण याबद्दल अवाक्षर काढत नाही. टायगेटस डोंगराजवळच्या ज्या कायादास घळीशी ही गोष्ट जोडतात, तिथे मिळालेली हाडं प्रौढांची आणि किशोरवयीनांची आहेत, नवजात बाळांची नाहीत. थ्युसिडिडीजच्या मते ती गुन्हेगारांना टाकायची जागा. अर्भकं टाकून देण्याची प्रथा इतरही ग्रीक शहरांत होती, हे खरं. स्पार्टाच्या कड्याची गोष्ट लिहायचीच असेल तर ‘प्लुटार्क म्हणतो’ एवढे दोन शब्द जोडा.

आणि हे अजिंक्य राज्य संपलं कसं? हिशेबाने. नागरिक राहायचं तर सामायिक भोजनगटाची वर्गणी भरावी लागे: दरमहा एक मेडिम्नोस सातूचं पीठ, आठ खोएस वाईन, पाच मिना चीज, अडीच मिना अंजीर. अथेन्सच्या मापाने धरलं तर सुमारे ५२ लिटर पीठ, २६ लिटर वाईन, दोन किलोच्या वर चीज आणि किलोभर अंजीर. हे भरता आलं नाही की नागरिकत्व गेलं. जमीन मूठभर घरांत गोळा होत गेली तसे वर्गणी थकवणारे वाढले. हेरोडोटस ४८० साली ८,००० नागरिक सांगतो, ३७१ मध्ये ल्युक्ट्राच्या लढाईत ७०० उतरले आणि ४०० पडले. दोन वर्षांत मेसेनिया हातचा गेला. ॲरिस्टॉटल नागरिकांचा आकडा हजाराच्या आत सांगतो, आणि दोन-पंचमांश जमीन बायकांच्या नावे होती हेही नोंदवतो.

पांढरेशुभ्र पुतळे

मूर्ती रंगवलेल्या असत. निळा, तांबडा, पिवळा, हिरवा. केस, डोळे, वस्त्रांच्या किनारी, सगळं. अक्रोपोलिस संग्रहालयातल्या इ.स.पू. ५३० च्या सुमाराच्या ‘पेप्लॉस कोरे’ या तरुणीच्या पुतळ्यावर रंगाचे अंश आजही आहेत. अक्रोपोलिसवरच्या पार्थेनॉन मंदिराच्या शिल्पांवर रंग होता का, यावर दीडशे वर्षं वाद झाला. २००९ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये तांबडा प्रकाश टाकून अवरक्त कॅमेऱ्याने पाहिलं तेव्हा आयरिस देवीच्या कमरपट्ट्यावर इजिप्शियन निळा चमकला. त्याच म्युझियममध्ये १९३७-३८ साली याच शिल्पांचे काही भाग तांब्याच्या अवजारांनी आणि कार्बोरंडमने घासून ‘पांढरे’ केले गेले होते. ग्रीक म्हणजे पांढरा संगमरवर, ही समजूत इतकी पक्की होती की खऱ्या दगडाचा पृष्ठभागच त्यापायी गेला.

दुसरं, तुम्ही ज्याला ‘ग्रीक पुतळा’ म्हणून फोटो लावता तो बहुधा रोमन प्रत असतो. मायरॉनचा थाळीफेक करणारा मूळ ब्राँझचा होता, आज दिसतात त्या संगमरवरी नकला. ओळखायची खूण सोपी आहे: पायाशी झाडाचं खोड, हात आणि मांडी यांच्यात दगडी आधार. ब्राँझला असल्या टेकूची गरज नसते. ब्रिटिश म्युझियममधल्या नकलेला तर डोकंही चुकीच्या दिशेने बसवलंय. मुळात तो मान वळवून थाळीकडे बघत होता. फोटोखाली ‘रोमन प्रत’ लिहायला दोन सेकंद लागतात.

सॉक्रेटिस म्हणाला...

सॉक्रेटिसने एक ओळ लिहून ठेवलेली नाही. जे आहे ते प्लेटो, झेनोफन आणि विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनीस यांच्याकडून, आणि तिघांचा सॉक्रेटिस एकमेकांशी जुळत नाही. तरी सुविचारांचा पूर काही ओसरत नाही. ‘आजची मुलं ऐषारामी झालीत, मोठ्यांचा मान राखत नाहीत’ हे सॉक्रेटिसच्या नावावर फिरणारं वाक्य १९०७ मध्ये केंब्रिजच्या एका विद्यार्थ्याने प्रबंधात प्राचीन तक्रारींचं सार म्हणून लिहिलेलं आहे. ‘आपण वारंवार जे करतो तेच आपण असतो’ हे ॲरिस्टॉटलचं नव्हे, त्याचं म्हणणं समजावताना विल ड्युरंटने १९२६ मध्ये केलेली मांडणी आहे. ‘युद्धाचा शेवट फक्त मेलेल्यांनीच पाहिला’ हे प्लेटोचं नव्हे, जॉर्ज सांतायानाचं, १९२२ मधलं.

अवतरणाखाली ग्रंथ आणि विभाग क्रमांक नसेल तर ते वापरू नका, कितीही सुंदर असो. क्रमांकाची पद्धतही शिकून घ्या. हेरोडोटस आणि थ्युसिडिडीज खंड आणि प्रकरणाने सांगतात, उदाहरणार्थ थर्मोपिलीची यादी ७.२०२ पासून आणि हेलटांचा प्रसंग ४.८०. प्लेटोसाठी १५७८ च्या आवृत्तीचे पृष्ठांक आजही चालतात, ॲरिस्टॉटलसाठी १८३१ च्या बर्लिन आवृत्तीचे. हे आकडे कुठल्याही भाषेतल्या चांगल्या भाषांतराच्या समासात असतात. आपल्या हातातल्या भाषांतराचा पान नंबर दिला तर दुसऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

झटपट उरकण्यासारख्या

वाईन पाण्याशिवाय पिणं रानटीपणाचं मानत. क्राटेर नावाच्या मोठ्या भांड्यात पाणी घालूनच ती वाढली जाई, आणि कवी हेसिअड तीन भाग पाण्याला एक भाग वाईन सांगतो.

टोमॅटो, बटाटा, मिरची तिथे नव्हती, ती अमेरिकेतून आली. प्राचीन मेजवानीच्या लेखाला आजच्या ग्रीक सॅलडचा फोटो लावू नका.

ऑलिंपिकची मशाल दौड १९३६ च्या बर्लिनमधली. प्राचीन ऑलिंपियात मॅरेथॉन शर्यत नव्हती, मुख्य शर्यत एका स्टेडची, ऑलिंपियात सुमारे १९२ मीटर. फिडिपिडीज मॅरेथॉनच्या लढाईआधी अथेन्सहून स्पार्टाला मदत मागायला धावला, असं हेरोडोटस लिहितो. ‘जिंकलो’ म्हणून कोसळणारा धावपटू कित्येक शतकांनंतरच्या लेखकांचा.

आणि विजेत्याला फक्त ऑलिव्हची माळ मिळे हे अर्धसत्य आहे. गावी परतल्यावर पैसे असत. अथेन्सचा जुना कायदेकर्ता सोलन याच्या कायद्याने ऑलिंपिक विजेत्याला अथेन्सकडून ५०० द्राख्मा मिळत, असं प्लुटार्क सांगतो.

घरातल्या बायका आणि खाणीतले गुलाम

‘अथेन्सची स्त्री उंबरठा ओलांडत नसे’ हे पैसेवाल्या पुरुषांच्या लिखाणातून आलेलं आदर्श चित्र. गरिबाघरी ते परवडत नसे. अथेन्सचा वक्ता डिमॉस्थिनीस याच्या एका भाषणात आपलं नागरिकत्व वाचवायला उभा राहिलेला माणूस सांगतो, की माझी आई बाजारात फिती विकते आणि तिने दाई म्हणून दुसऱ्याचं मूल पाजलंय, कारण घरात गरिबी होती. विरोधकांनी त्यावरून तिला परकी ठरवायचा प्रयत्न केला. बाजारात बायका होत्या, हे त्या भांडणातूनच कळतं. उलट बाजूला अथेना पोलिआसची, म्हणजे शहराच्या रक्षक देवीची, पुजारीण एका ठरावीक घराण्यातली असे. लिसिमाखी ही त्या पदावर ६४ वर्षं होती. मत नाही, पण शहरातलं मोठ्या मानाचं पद हातात.

गुलामीबद्दल दोन टोकं दिसतात, ‘ग्रीकांनी गुलामांना घरच्यासारखं वागवलं’ आणि ‘सगळी कामं गुलामच करत’. दोन्ही चूक. अथेन्सच्या इरेक्थियन मंदिराच्या बांधकामाचे हिशेब दगडावर कोरलेले आहेत, पाचव्या शतकाच्या शेवटचे. दर्जा कळतो अशा ८६ कामगारांत २४ नागरिक, ४२ मेटिक आणि २० गुलाम. रोजंदारी तिघांना सारखीच, बहुधा दिवसाला एक द्राख्मा, फक्त गुलामाच्या मजुरीवर मालकाचा हक्क. त्याच शतकात निसिआस या अथेन्सच्या धनाढ्य सेनापतीने लॉरिअनच्या चांदीच्या खाणींत १,००० गुलाम भाड्याने दिले होते, माणशी रोज एक ओबोल, असं झेनोफन लिहितो. रोजचे १६६ द्राख्मा आणि वर ४ ओबोल. मंदिरावर कोरीवकाम करणारा गुलाम आणि खाणीच्या बोगद्यात वाकून राहणारा गुलाम यांना एका शब्दात गुंडाळलं की दोघांचंही जगणं दिसेनासं होतं.

‘ग्रीक धर्म’ म्हणजे पुराणकथा नव्हे

झ्यूसची लफडी सांगून धर्माचं प्रकरण संपवतात, ते चूक. धर्मग्रंथ नव्हता, धर्म आचारात होता: यज्ञ, मिरवणूक, नवस, मांडीची हाडं चरबीत गुंडाळून देवाला जाळायची आणि मांस माणसांनी वाटून खायचं. देवही ठिकाणाप्रमाणे वेगळे. अंगणातला झ्यूस हर्केइऑस, कोठारातला झ्यूस क्तेसिऑस. अथेन्समध्ये आर्कोन, म्हणजे शहराचा वरिष्ठ अधिकारी, म्हणून चिठ्ठी निघालेल्याला पद देण्याआधी विचारत: तुझा अपोलो पॅट्रोऑस आणि झ्यूस हर्केइऑस कुठे आहेत? घराण्याच्या समाध्या कुठे? आईवडिलांना नीट वागवतोस का? कर भरतोस का? मोहिमांवर गेलास का? कुलदैवत आणि मूळ गाव विचारून माणूस ओळखणाऱ्या मराठी वाचकाला हे लगेच कळेल. मग ते सांगायचं सोडून हंसाच्या रूपातल्या झ्यूसवर तीन पानं कशाला घालवायची?

भारताशी नातं जोडताना

मौर्य दरबारी आलेल्या ग्रीक राजदूत मेगास्थिनीसचं भारतावरचं पुस्तक ‘वाचून’ लिहिणाऱ्यांनी सावध व्हावं. ते पुस्तक हरवलंय. आपल्याकडे आहेत ती अरायन, स्ट्रॅबो, डायोडोरस वगैरे नंतरच्या लेखकांनी दिलेली उद्धरणं. त्यामुळे ‘भारतात गुलाम नाहीत’ हे विधान उद्धृत करताना ‘अरायनच्या हवाल्याने’ हे लिहायलाच हवं, आणि बोलणारा गुलामीच्या देशातून आलेला माणूस आहे हे ध्यानात ठेवायला हवं.

दुसरी चूक खास आपल्याकडची. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची (त्या काळी मुख्यतः ग्रीकांसाठीचा शब्द, ‘योणक’ही तोच) दानं कोरलेली आहेत, नाशिकच्या सतराव्या लेण्यात दातामितीच्या योणक धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त भेटतो, जुन्नरला इरिल नावाचा यवन पाण्याची टाकी देतो. यावरून ‘अलेक्झांडरचे सैनिक सह्याद्रीत स्थायिक झाले’ असं बेधडक छापलं जातं. अलेक्झांडर ३२६ मध्ये बियास नदीवरून मागे फिरला, दख्खन त्याने पाहिलीही नाही. कार्ल्याचे लेख त्यानंतर तीन-चारशे वर्षांचे. दात्यांची नावं पाहा: सिहधय, म्हणजे सिंहध्वज, आणि इंद्राग्निदत्त. ही माणसं प्राकृतात लेख कोरवत होती आणि बौद्ध संघाला दान देत होती. त्यांचे पूर्वज ग्रीक होते, ग्रीक मुलखातून आलेले इतर कुणी होते, की व्यापारामुळे त्यांना तसं म्हणत, हे प्रत्येक लेखागणिक वेगळं तपासावं लागतं. लेण्यात जाऊन फोटो काढणार असाल तर खांबाचा क्रमांक आणि तो उजवीकडचा की डावीकडचा हे टिपून घ्या, म्हणजे छापील लेखसंग्रहातला पाठ शोधून शेजारी ठेवता येतो.